लग्न ठरताना नव्हे, सहाव्या वर्षी

गेल्या महिन्यात विहारात वंदना झाल्यावर आम्ही चटया गुंडाळत होतो. तेवढ्यात एका बाईने माझा हात धरून मला बाजूला नेले. सोबत तिची मुलगी होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. मुलगी काही बोलत नव्हती, ओढणीचा कोपरा तोंडावर धरून उभी होती. बाई म्हणाली, "सिस्टर, हिच्या दाताईले तार लावाची हाय. उन्हाळ्यात पाहुणे येऊन राह्यले. तवरीक सरळ होतीन न?"

मी मुलीला खिडकीजवळ उजेडात नेले आणि तोंड उघडायला सांगितले. वरचे चार दात पुढे आलेले, खालचे एकमेकांवर चढलेले. खाली दोन्ही बाजूंना, जिथे पहिली मोठी दाढ असायला हवी, तिथे दाढ नाही. मागची दाढ त्या जागेकडे कलंडलेली. विचारले तर कळले की चौथीत असताना दोन्ही दाढा किडल्या आणि दुखत होत्या म्हणून काढून टाकल्या. आईला वाटले होते, दुधाच्याच आहेत, पुन्हा येतील. त्या पुन्हा येणाऱ्या नव्हत्या.

मी सांगितले की तारेचे काम दोन महिन्यांत होत नाही. दीड ते दोन वर्षे लागतात, हिला कदाचित जास्त लागतील. आईचा चेहरा उतरला. "मंग राहू द्या," ती म्हणाली. तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "मले समोरच्या दातानं भाकर तोडता येत नाही, मॅडम. कॉलेजात पोरीईसमोर डबा खाता येत नाही."

एवढ्या वर्षांत त्या घरात तिला कोणी हे विचारलेच नव्हते. आईला दोष देत नाही. ती वेचणीला जाते, घर तिच्या मजुरीवर चालते. पण आपल्या वस्तीत दातांची आठवण दोनदाच होते, दात ठणकतो तेव्हा आणि स्थळ येते तेव्हा. थोड्या पैशात काम होण्याचे वय या दोन्हींच्या मधे निघून जाते. मला आज भांडायचे आहे ते यावरून. आधी आपल्या घराशी आणि मग सरकारशी.

घराशी भांडताना सुरुवात माझ्या घरापासून करते. २०१५ साली माझी मुलगी सहा वर्षांची होती. तिची खालची दुधाची दाढ किडली, गालाला सूज आली. मी तिला एका दवाखान्यात नेले, त्यांनी दाढ काढली आणि आम्ही घरी आलो. मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, वॉर्डात वर्षे काढलेली बाई, पण मनात म्हटले, दुधाचीच तर आहे. पुढे काय करायचे हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. डिप्लोमाच्या वर्षांत बेशुद्ध रुग्णाचे तोंड कसे स्वच्छ करायचे हे मी शिकले होते, ते आजही झोपेत करू शकेन. दुधाची दाढ लवकर गेली तर काय होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. तेरा वर्षांची झाली तेव्हा तिचा एक दात आतल्या बाजूने, जिभेच्या कडेने उगवलेला होता.

काय होते ते नीट समजून घ्या. दुधाचे दात वीस असतात. समोरचे सहा-सात वर्षांच्या वयात पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चावण्याशिवाय त्यांचे आणखी एक काम असते, खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवणे. एसटीच्या खिडकीतून आपण सीटवर रुमाल टाकतो तसेच. रुमाल कोणी उचलला की शेजारचा माणूस सरकून बसतो. दुधाची दाढ वेळेआधी गेली की मागची मोठी दाढ पुढे सरकते, कलंडते. मग ज्याची ती जागा होती तो दात येतो तेव्हा त्याला बसायला जागा नसते. तो आतून येतो, बाहेरून येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो.

मागची ही मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती कोणताही दात न पाडता, सगळ्यात मागे, गुपचूप येते. दात पडला नाही म्हणजे नवा आला नाही असा आपला समज, म्हणून बहुतेक आया तिला दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ आहे आणि जन्मभर पुरायची आहे. नवी आलेली असताना तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा चिखल बसतो आणि दोन-तीन वर्षांत ती काळी पडते. आपल्या पोरांच्या तोंडातली सगळ्यात आधी जाणारी पक्की दाढ बहुधा हीच असते. विहारात भेटलेल्या मुलीच्या त्याच दोन गेल्या होत्या.

म्हणून दुधाची दाढ किडली तर डॉक्टरांना आधी विचारा, भरता येईल का? सिमेंट भरून वाचत असेल तर वाचवा. काढावीच लागली तर विचारा, जागा राखायला काही बसवता येईल का? तारेची एक छोटी कडी असते, शेजारच्या दाढेवर बसवतात, ती मोकळी जागा धरून ठेवते. खर्च पुढच्या तारांच्या मानाने फार थोडा. माझ्या मुलीला २०१५ मध्ये ती कडी बसली असती तर पुढचे बरेच टळले असते.

सगळे वाकडे दात किडीमुळेच होतात असेही नाही. जबडा बापासारखा लहान आणि दात आईसारखे मोठे, असेही होते. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखत राहणारे मूल, नाक चोंदल्यामुळे तोंड उघडे टाकून झोपणारे आणि घोरणारे मूल, यांचे वरचे दात पुढे येतात. अशा मुलाचे नाक-घसा आधी दाखवला पाहिजे. काही मुलांचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात, उलटे. हे सात-आठ वर्षांच्या वयात दाखवले तर सोपे असते. मोठेपणी जबड्याचे हाड पक्के झाल्यावर कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते. उलट, खालचा नवा दात दुधाच्या दातामागे उगवलेला पाहून आया रडत येतात, ते बहुतेक वेळा आपोआप नीट होते. दुधाचा दात हलवत राहायचा. दोन-तीन महिन्यांत पडला नाही तर दाखवायचे.

आता थोडे आपल्या डोक्यातल्या किडीविषयी. बाळाचा वरचा दात आधी आला की मामावर जड, हे मी अजून आपल्या घरांत ऐकते. दातावर दात म्हणजे नशीबवान, हेही ऐकते. वरचा दात काढला की डोळे जातात म्हणून म्हाताऱ्या माणसांनी सडका दात पाच-पाच वर्षे तोंडात ठेवलेला मी पाहिला आहे. देव्हारे काढून टाकले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण मामाचा दात तेवढा घरात राहिला! विनयपिटकात चुल्लवग्गात भिक्खूंच्या दंतकाष्ठाची गोष्ट आहे. दात घासले नाहीत तर तोंडाला वास येतो, अन्नाची चव लागत नाही असे तथागतांनी सांगितले आणि भिक्खूंना दातवण वापरायची परवानगी दिली. पुढे काही भिक्खू लांब दातवणाने श्रामणेरांना मारू लागले तेव्हा आठ बोटांपेक्षा लांब दातवण नको असाही नियम झाला. ही गोष्ट मी शाळकरी मुलांना सांगते, त्यांना ती फार आवडते. दात घासणे आपल्याकडे इतके जुने आहे. पण राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड मात्र सोडा, त्याने दातावरचे कवच खरवडले जाते. गुडाखू तर तंबाखूच आहे. साधा मऊ ब्रश, सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. दोन्हींतली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आठ वर्षांचे होईपर्यंत रात्री आईने किंवा बापाने स्वतः घासून द्यावे. बापाने म्हटले ते मुद्दाम म्हटले. आणि बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची किंवा चहाची बाटली देऊन झोपवू नका. समोरचे चारही दात काळे कोळसा झालेली दोन-अडीच वर्षांची लेकरे मी अंगणवाडीत पाहते, ती याच बाटलीची.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे. पांढरकवडा, झरी-जामणी या भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा, दुसरे पाणीच नसेल तर फार तर दीड. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी आठ वर्षांखालचे मूल पीत राहिले तर हाडात तयार होत असलेल्या पक्क्या दातांवरच डाग पडतात. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, पुढे पिवळे-तपकिरी. ते ब्रशने निघत नाहीत. अशा एका गावात मला एक पोरगा भेटला होता. त्याला शाळेत खर्रा खातो म्हणून मार बसला होता. त्याने आयुष्यात खर्रा तोंडात घातला नव्हता, तो फक्त गावचे पाणी प्यायला होता. अशा दातांवर तारेचे ठोकळे चिकटायलाही त्रास होतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते थोडे वाढतेच. ग्रामपंचायतीकडून बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. लहान मुलांना तरी त्या बोअरचे पाणी पिऊ देऊ नका.

तारेच्या उपचाराकडे येते. साधारण अकरा ते चौदा हे त्याचे सोयीचे वय, कारण दुधाचे दात संपलेले असतात आणि जबडा अजून वाढत असतो. पण सात वर्षांच्या सुमाराला एकदा दाखवून घेतले तर पुढे काय लागेल ते कळते. मोठ्या माणसालाही तार लागते, पंचवीस-तीसच काय, चाळिशीतही. हिरड्या आणि हाड मजबूत असले पाहिजे. वेळ जास्त लागतो एवढेच. हे काम दातांच्या प्रत्येक डॉक्टरचे नाही. बी.डी.एस. झाल्यावर तीन वर्षे याच विषयात एम.डी.एस. केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट असतो, त्याच्याकडून करून घ्या. निदान विचारा तरी. बाजारात बसून तारेने दात बांधून देणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि पोरींनो, मोबाइलवर पाहून समोरच्या दोन दातांत रबरबँड अडकवू नका. तो रबर हिरडीत शिरून मुळाकडे सरकत जातो आणि चांगला दात मुळासकट सैल होऊन पडतो.

खासगी दवाखान्यात तारेचा खर्च तीस-चाळीस हजार आणि त्यापुढे जातो. नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचे. तिथे खर्च खूपच कमी. अमरावतीला आणि वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालये आहेत. मी मुलीला नागपूरला नेले. फेब्रुवारी २०२२ ते जानेवारी २०२४, बावीस फेऱ्या. तार महिन्या-महिन्याला आवळावी लागते, त्यामुळे एकदा लावली आणि झाले असे होत नाही. पहाटेची गाडी, दीडशे किलोमीटर, तिथे रांग, परतायला रात्र. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले तोवर आमच्या अर्ध्याहून जास्त फेऱ्या उरकल्या होत्या. वहीत हिशेब लिहिलेला आहे. तारेपेक्षा प्रवासाला जास्त पैसे लागले. माझी तरी रजा होती. वेचणीला जाणाऱ्या बाईची प्रत्येक फेरीला एक रोजी बुडते, उमरखेड-पुसदच्या बाईची तर दोन. मुलीची शाळा बुडते ती वेगळी. दोन महिने गेली नाही तर तार तशीच राहते, ठोकळ्याभोवती घाण साचते आणि दात सरळ होण्याऐवजी किडतात. अर्धवट सोडलेली तार न लावलेल्या तारेपेक्षा वाईट, हे मी मुलांच्या तोंडात पाहिले आहे.

तेव्हा सरकारशी भांडण इथे आहे. आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार म्हणतात. त्याच योजनेच्या वगळलेल्या गोष्टींत दात सरळ करणे आहे, एवढेच नाही तर दात भरणे आणि रूट कॅनालही आहे. आजारामुळे किंवा इजेमुळे भरती व्हावे लागले तरच दाताचे काम त्यात बसते. तोंडाचा कॅन्सर झाला की योजना आहे, दाढ किडली तर नाही. शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या आजारांच्या यादीत दातांचे विकार आहेत. त्यांची चिठ्ठी घरी येते. ती आपणच चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून विसरतो, हेही लिहिले पाहिजे.

आपल्याच एका कार्यकर्त्याने मला ऐकवले, "ताई, लोकांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळत नाहीत आणि तुम्ही तारा मागता? हे शोकीन लोकांचे चोचले." मी त्याला विचारले, तुझ्या गल्लीतली किती पोरे भरतीसाठी ग्राउंडवर धावतात? सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचे गुण मोजतात. बावीसपैकी किमान चौदा लागतात आणि दाढांना पुढच्या दातांपेक्षा जास्त गुण असतात. पहाटे चारला उठून धावणाऱ्या पोराच्या दाढा आपण चौथीतच काढून ठेवलेल्या असतात. पुढे आलेले दात पडल्या-आपटल्यावर आधी तुटतात. एकमेकांवर चढलेल्या दातांत ब्रश पोचत नाही, हिरड्या सुजतात. चोचला कशाला म्हणायचा? डॉक्टरच्या मुलीचे दात वाकडे असले की तो उपचार आणि आपल्या मुलीचे असले की चोचला, हा हिशेब मला मान्य नाही. स्थळासाठी म्हणून आपण स्वतःच ही गोष्ट मागतो, म्हणून ती चोचल्यासारखी दिसते, हे मात्र त्याचे खरे आहे.

मोठ्या पोरांसाठी दोन शब्द, कारण खर्रा सोडून या पानावर दातांविषयी लिहिणे म्हणजे भिंत पडत असताना चुना लावणे होईल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा डोळ्यांदेखत घोटून मिळतो. तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो असे सांगू नका. नुसत्या सुपारीनेही गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर आजच दाखवा. अशा तोंडात डॉक्टरचा आरसा नीट जात नाही, तार कुठून बसवणार? आणि तो आजार पुढे कॅन्सरकडे वळू शकतो.

माझी मागणी मोठी नाही. यवतमाळच्या मेडिकलमध्ये दंत विभाग आहे. नागपूरच्या दंत महाविद्यालयातला ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक ठरलेला दिवस तिथे बसावा. पहिली तपासणी, मापे, तार चिकटवणे हे नागपूरला होऊ द्या, पण दर महिन्याला तार आवळण्याचे काम यवतमाळला व्हावे. बावीस फेऱ्यांच्या चार होतील. उपजिल्हा रुग्णालयांत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या दाढा भरण्याचा आणि जागा राखणारी कडी बसवण्याचा दिवस ठरवून तो अंगणवाडीच्या फळ्यावर लिहावा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

तार निघाल्यावर रिटेनर लावावा लागतो, नाहीतर दात हळूहळू जुन्या जागी परततात. माझी मुलगी रात्री तो लावायला कंटाळते, त्यावरून आमचे रोज भांडण असते.

विहारातली ती मुलगी दिवाळीनंतर आईला घेऊन नागपूरला जाऊन आली. आधी हिरड्यांचे काम, मग तार, असे सांगितले आहे. पाहुणे येतील तेव्हा तोंडात तार असेल. आईने मला विचारले, त्यांना काय सांगू? मुलगीच म्हणाली, "तार हाय म्हणून सांग."

मागणीचा अर्ज मी विहारात टेबलावर ठेवला आहे. सहीसोबत मुलाचे वय आणि कोणती दाढ गेली ते लिहा. रविवारी वंदनेनंतर सहा ते नऊ वर्षांची मुले घेऊन या. टॉर्च मी आणते.